अनुभव धागा : टर्मिनलवरून दूरच्या डेटाबेसला जोडताना तुमचं कुठे अडलं?

परवा रात्री साडेअकराला टीममधल्या नव्या मुलीचा फोन. "दादा, डेटाबेस कनेक्ट होत नाहीये." म्हटलं, एरर काय येतेय? "तीच, नेहमीची."

नेहमीची एरर असं काही नसतं हो! 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर समोरच्या मशिनपर्यंत आपण पोचलोय, पण त्या पोर्टवर (मशिनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) बहुधा कोणी ऐकत नाहीये. 'टाइम आउट' आलं तर पॅकेट वाटेतच कुठल्यातरी फायरवॉलने गिळलंय, ही शक्यता जास्त. आणि पासवर्ड चुकल्याची एरर आली तर नेटवर्कला शिव्या घालणं थांबवा, तिथवर सगळं ठीक आहे.

तिला रिफ्यूज्ड येत होतं. तिचा डेटाबेस पोस्टग्रेस, नवंकोरं, त्यामुळे फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशिनवरून आलेल्यांचं ऐकत होतं. 'लिसन अॅड्रेसेस' हे सेटिंग बदलून रीस्टार्ट करायला लावलं (नुसतं रीलोड चालत नाही), तर आता 'पीजी एचबीए'मध्ये (कोणाला आत घ्यायचं, त्या यादीची फाइल) तुमच्या होस्टची नोंद नाही म्हणे. ती वैतागली. मी खूश, कारण एरर बदलली होती, म्हणजे गाडी पुढे सरकली होती.

तुमचे किस्से येऊ द्या. आयपी, पासवर्ड आणि कंपन्यांची नावं गाळून.

बावधनहून

गुरुवार. दुरुस्तीसाठी लाईट गेलेली, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. दुपारी आली, राउटर उठला, मेल चालू, व्हिडिओ कॉल चालू, फक्त मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस) टाइम आउट. मी आधी पासवर्ड बदलून पाहिला. (का, ते विचारू नका. टाइम आउटला पासवर्डचा काय संबंध!) मग क्लायंट काढून परत टाकला. दोन तासांनी 'एनसी' (नेटकॅट) कमांडने मायएसक्यूएलचा नेहमीचा ३३०६ पोर्ट नुसता तपासला, तोही लागेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला: राउटर बंद होऊन चालू झाल्यावर घराला नवा पब्लिक आयपी मिळाला होता, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये परवानगी जुन्याला. आता मधल्या एका मशिनवरून एसएसएचने (दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) जातो.

हिंजवडी फेज २

मीही एसएसएचवाला, पण माझं वेगळंच झालं. एसएसएचचा बोगदा (टनेल) काढला: माझ्या लॅपटॉपचा ३३०७ पोर्ट तिकडच्या ३३०६ ला जोडलेला. होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ३३०७ देऊन शिरलो. प्रॉम्प्ट आला, टेबलं दिसली. टेस्टिंगच्या सर्व्हरवरचं एक टेबल रिकामं करायचं होतं, केलं. टेस्टर म्हणते, डेटा जागच्या जागी आहे. परत केलं. परत तेच.

तर युनिक्सवर होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' दिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट थेट सॉकेट फाइलने (त्याच मशिनवरच्या आतल्या वाटेने) जातो, पोर्ट काय दिलाय त्याकडे बघतही नाही. मी माझ्याच लॅपटॉपवरचं टेबल दोनदा साफ केलं होतं! 'लोकलहोस्ट'ऐवजी त्याचाच आकड्यांतला पत्ता १२७.०.०.१ लिहिला आणि बोगद्यातून गेलो. तेव्हापासून काहीही पुसण्याआधी सर्व्हरलाच त्याचं होस्टनेम विचारतो. उलटं झालं असतं तर हा किस्सा हसत सांगत नसतो.

सदाशिव पेठ

मायएसक्यूएलच्या कमांडमध्ये 'उणे पी' (पासवर्ड देण्याची खूण) आणि पासवर्ड यांच्यात जागा सोडू नये. सोडल्यास पासवर्ड हे डेटाबेसचं नाव समजलं जाईल. खरं तर तिथे पासवर्ड लिहूच नये, तो विचारतो तेव्हा द्यावा. लिहिलेला पासवर्ड कमांडच्या हिस्टरीत राहतो.

कोथरूड

पेठेतल्या काकांशी सहमत, पण स्क्रिप्टमध्ये विचारणार कोण? म्हणून मी दुहेरी अवतरणात लिहिला. पासवर्ड होता डॉलर आणि पुढे आमचा पिनकोड, ४११०३८. (बदललाय, प्रयत्न करू नका.) बॅशने (कमांड चालवणाऱ्या शेलने) '$४' म्हणजे स्क्रिप्टला दिलेला चौथा आर्ग्युमेंट असं धरलं, तो रिकामा, आणि सर्व्हरला गेलं नुसतं ११०३८. तीन तास 'अॅक्सेस डिनाइड'. एकेरी अवतरण दिलं, लागलं.

औंध

चहाला टपरीवर जाऊन यावं तर सेशन मेलेलं. पॅकेट बराच वेळ गेलं नाही की मधलं उपकरण कनेक्शन विसरतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० सेकंद केलं, म्हणजे काही चाललेलं नसतानाही पॅकेट जात राहतं. आता दुसरा कटिंगही होतो.

परवाची 'नवी मुलगी'

दादा, फोन साडेदहाला केला होता, साडेअकरापर्यंत तुम्ही बोलत होतात. आणि ते 'पीजी एचबीए'मध्ये ०.०.०.०/० टाकायला सांगितलंत, म्हणजे सगळ्या जगाला मुभा! ते मी त्याच रात्री काढून फक्त ऑफिसच्या आयपींची रेंज ठेवली. काल नवी एरर आली, माझ्या युजरनेमचा डेटाबेसच अस्तित्वात नाही म्हणून. नाव दिलं नाही तर पोस्टग्रेस युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतं, हे तुमचा फोन न करता कळलं.