मदत हवी आहे: पतंगांच्या एका कुळावर सविस्तर ग्रंथ करायचा आहे

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगांच्या नोंदी ठेवतोय. या पतंगांच्या अळ्यांना पोटाच्या मधल्या भागात पाय नसतात, त्यामुळे त्या कमान करत, वीत मोजल्यासारख्या चालतात. धोका जाणवला की मागच्या पायांनी फांदी पकडून काटकीसारख्या ताठ उभ्या राहतात. एकदा तर मी हात लावेपर्यंत ती काटकीच समजत होतो!

आता अळी, कोष, खाद्यवनस्पती आणि प्रौढ पतंग असं सगळं एकत्र मांडणारा ग्रंथ करायचं मनात आहे. पण जगभरात या कुळाच्या 23 हजारांच्या आसपास प्रजाती आहेत, त्यामुळे आवाका कुठे थांबवावा तेच कळत नाही. एकच उपकुळ घेऊन खोलात जावं का? डार्विनने बार्नॅकल्सवर (समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांवर) 1846 पासून आठ वर्षं घालवली, हे आठवलं की धीरही येतो आणि धास्तीही वाटते.

खरी अडचण ओळखीची आहे. पंखांवरची नक्षी एकाच प्रजातीत बदलते, म्हणून जननेंद्रियांचं विच्छेदन करावंच लागतं. पोटाचा भाग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करतो, पण लहान नमुन्यांमध्ये नाजूक भाग फाटतात. तुम्ही गरम करता की रात्रभर थंडच ठेवता?

आणि मूळ प्रारूप नमुने (ज्यांवरून प्रजातीचं नाव पहिल्यांदा ठरलं ते) न पाहता, फक्त फोटोंवरून नावं पक्की करणं कितपत योग्य? ज्यांनी असं काम तडीस नेलंय, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावं. पहिल्या प्रकरणाचा मसुदा कोणी वाचून दिला तर फार उपकार होतील.