शब्दचर्चा : बर्गलर म्हणजे चोर, घरफोड्या की भुरटा?

मुळाक्षर :
टोल्कीनच्या ‘द हॉबिट’मधले निवडक उतारे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मराठीतून वाचून दाखवायचे आहेत (कोथरूड, सोसायटीचा हॉल, सुट्टीतला उपक्रम). ‘बर्गलर’पाशी गाडी अडली आहे. ड्रॅगनकडचा खजिना मिळवायला तेरा खुजे (ड्वॉर्फ) बिल्बो या हॉबिटला याच कामावर नेमतात, म्हणजे शब्द पहिल्या प्रकरणापासून सोळाव्यापर्यंत पुरला पाहिजे. अडचणी अशा : पहिल्या प्रकरणात ग्लोइन हा खुजा म्हणतो, बर्गलर नको असेल तर ‘निष्णात खजिनाशोधक’ म्हणा, काहीजण तसंच म्हणवून घेतात. म्हणजे मूळ शब्द थोडा लाजिरवाणा हवा. दुसऱ्या प्रकरणात ट्रोल (राक्षस) बिल्बोला पकडतात तेव्हा तो ‘बर्—’ म्हणून जीभ चावतो आणि ‘हॉबिट’ म्हणतो. ट्रोलना ते ‘बर्राहॉबिट’ नावाचं एकच जनावर वाटतं. आणि सोळाव्यात तो म्हणतो, मी बर्गलर असेन, पण निदान प्रामाणिक. ‘चोर’ लिहून मोकळं व्हावं का?

दुसरीन्याहारी :
‘चोर’ अजिबात नको. तो शब्द पुस्तकात आधीच अडकलेला आहे. गुहेतला गोलम अंधारात ओरडतो ते ‘चोर, चोर’. ड्रॅगन स्मॉग पहिली हाक मारतो ती ‘चोरा’ अशीच. सोळाव्या प्रकरणाच्या नावातही चोरच आहे. ज्यांचं काही गेलं ते त्याला चोर म्हणतात. बर्गलर हा खुज्यांनी दिलेला हुद्दा आहे. दोन्हीकडे ‘चोर’ केलंत तर शेवटचा ‘प्रामाणिक’वाला संवाद सपाट होतो. मुलं विचारणार, चोर आणि प्रामाणिक कसा?

पर्वतीपायथा :
घरफोड्या. पुण्यातल्या कुठल्याही पेपराचं शहर पान उघडा : ‘सदनिकेचे कुलूप तोडून’, ‘कडी-कोयंडा उचकटून’, पुढे ‘घरफोडी’. मुलांनाही ऐकून माहीत असतो. ग्लोइनचं ते वाक्यही छान बसतं : हा घरफोड्या कसला, हा तर किराणा दुकानदार दिसतोय.

तळटीप :
पण स्मॉगच्या डोंगरात कोणी काही फोडलंच नाही. ड्युरिन दिनी (खुज्यांच्या नववर्षी) मावळतीच्या शेवटच्या किरणात किल्लीचं भोक दिसलं, खुज्यांचा म्होरक्या थोरिननं स्वतःच्या घराण्याची किल्ली फिरवली, दार उघडलं. कुठे आहे फोडणं?

कलमकसाई :
कायद्याला फोडणं लागत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीचे सहा प्रकार होते, त्यातला एक म्हणजे कुलूप उघडून शिरणं. खाली उदाहरणच आहे : मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिनं दार उघडून आत शिरला, तरी ती घरफोडी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३३० मध्ये आहे. ‘घराण्याची किल्ली’ हा बचाव लंगडा, कारण अतिक्रमणात मालकी नाही, ताबा बघतात, आणि ताबा ड्रॅगनचा. बिल्बो आत उतरला तेव्हा चांदण्या निघाल्या होत्या, म्हणजे रात्रीची घरफोडी. पाच किंवा जास्त माणसं आहेत म्हणून दरोडा म्हणाल, तर त्याला आधी जबरी चोरी लागते, म्हणजे मारहाण किंवा धाक. झोपलेल्या ड्रॅगनच्या ढिगातून दोन कानांचा पेला उचलणं ही साधी चोरी.

हस्तलिखित :
आपल्याकडे या कामाला पूर्वीपासून शास्त्रीय शब्द आहे, संधिच्छेद, म्हणजे भिंतीला भोक पाडून शिरणं. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा तिसरा अंक उघडा. शर्विलक हा चोर चारुदत्ताची भिंत फोडताना पद्धतशीर बोलतो : भाजक्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची भिंत पाण्यानं भिजवावी, लाकडाची असेल तर चिरावी. भोकाचे आकार कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक वगैरे. इथे विटा भाजक्या म्हणून पूर्णकुंभ. मापाची दोरी विसरली तर जानव्यानं माप घेतो. एकच वीट उरते तेव्हा बोटाला साप चावतो, मग तेच जानवं बोटावर बांधतो. इतकी परंपरा असताना ‘संधिच्छेदक’ का नाही?

दुसरीन्याहारी :
कारण समोर नऊ वर्षांची मुलं आहेत, एम. ए. संस्कृतचा वर्ग नाही. शिवाय संधी सोडवा म्हटलं की त्यांना गृहपाठ आठवेल.

हस्तलिखित :
मुलांना कठीण शब्द द्यायचाच नाही, हे धोरण कोणी ठरवलं? टोल्कीननं प्रस्तावनेत मान्य केलंय की ‘ड्वॉर्फ’चं रूढ अनेकवचन सोडून आपण वेगळं वापरतोय. लेखकाला चालतं, मराठीला नाही?

तळटीप :
ट्रोलकडे परत या. तिथे एकेक शब्द मोठ्यानं म्हणून बघा. ‘चो— हॉबिट’ : चोहॉबिट, काहीच होत नाही. ‘घर— हॉबिट’ : घरहॉबिट, म्हणजे घरकोंबड्याचा भाऊ. बिल्बोला शोभतो, पण विनोद फसतो, कारण ट्रोलना न कळणारा शब्द हवा आणि हा कळतोय. ‘भुर— हॉबिट’ : भुर्राहॉबिट! मूळ आवाज जवळजवळ तसाच, वर चिमणी भुर्र. ट्रोलनं ‘उडतो का रे हा?’ असं विचारलं की मुलं खिदळणारच. वाचताना ‘भुर’वर आवाज मध्येच तोडायचा, ‘टा’ तोंडात येऊ द्यायचा नाही, आणि ‘हॉबिट’ घाईनं. ‘भुरटा’ पूर्ण कानावर गेला तर पुढचं सगळं वाया. म्हणून भुरटा.

पर्वतीपायथा :
भुरटा दोरीवरचे कपडे आणि सायकलची घंटी नेतो. ड्रॅगनच्या खजिन्यासाठी भुरटा नेमतात का कोणी?

तळटीप :
पहिल्या फेरीत त्यानं आणलं काय? एक पेला. आणि तेवढ्यावरून स्मॉग खवळला.

कलमकसाई :
यादीत कोणी भामटा किंवा उचल्या घालण्याआधीच सांगतो : ही नावं जमातींना चिकटली आहेत. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. मुलांच्या वाचनात नकोत.

दुसरीन्याहारी :
सहमत. पण खरी मजा खुज्यांनी बिल्बोला दिलेल्या करारपत्रात आहे. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ला ‘माल पोचताच रोख’, एकूण नफ्याच्या चौदाव्या हिश्श्यापर्यंत (तेरा खुजे अधिक बिल्बो, सोबतचा जादूगार गॅन्डाल्फ हिशेबात नाही), प्रवासखर्च पूर्ण, आणि प्रसंग आलाच तर अंत्यविधीचा खर्च आमच्याकडे. कंसातलं ‘नफा झाल्यास’ गाळू नका, सगळी मेख तिथे आहे.

कलमकसाई :
‘नफा झाल्यास’ नको, ‘नफा झालाच तर’. त्या ‘च’नं खुज्यांची वृत्ती कळते.

हस्तलिखित :
करारात ‘च’ घालत नाहीत. आणि खुजे कोण म्हणालं? बुटके!