गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल, पळणं) पोहायचा पेस कसा ठरवायचा?

टँकवाला_पुणे:
मिरामारला १.९ किमी पोहायचंय, समुद्रात पहिल्यांदाच. टँकमध्ये १०० मीटर जीव लावून मारले तर १:५८ येतात पण १५०० सलग मारले की पेस, म्हणजे १०० मीटरला लागणारा वेळ, २:४५ पर्यंत घसरतो, आणि दरवेळी तेच होतं, पहिले २०० मस्त जातात मग खांदे भरून येतात. मग मी नक्की कुठला पेस धरून सुटायचं? कटऑफ ७० मिनिटांचा आहे त्याची धास्ती वाटते.

लाटांवर_स्वार:
१०० चा टाइम विसरा, तो स्प्रिंट आहे. सीएसएस काढा, म्हणजे क्रिटिकल स्विम स्पीड, न थकता बराच वेळ टिकवता येईल असा वेग. नीट वॉर्मअप करून ४०० मीटर जमेल तेवढे जोरात पण एकसारखे मारा, मग ८-१० मिनिटं हळूहळू पोहत दम घ्या आणि २०० मारा. दोन्ही वेळा भिंतीला ढकलून सुरुवात करा, उडी मारून नको. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करायची आणि २ ने भागायचं, तो तुमचा १०० मीटरचा पेस. शक्य असेल तर बालेवाडीला ५० मीटरच्या टँकमध्ये करा, कारण लहान टँकमध्ये दर वळणाला भिंतीचा धक्का मिळतो आणि आकडा उगाच चांगला येतो.

टँकवाला_पुणे:
आज सकाळी केली टेस्ट. ४०० ला ९:१२, २०० ला ४:२०. फरक ४:५२, म्हणजे २:२६ ना? हाच पेस रेसला धरू का?

लाटांवर_स्वार:
बरोबर, २:२६. पण रेसला हा नाही धरायचा, पुढे ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं आहे. ५ ते ८ सेकंद सोडा, २:३३ धरा. समुद्रात सरळ रेषेत कोणीच पोहत नाही म्हणून १.९ ऐवजी २ किमी पकडले तरी ५१ मिनिटं होतात, कटऑफ लांब आहे. पोहण्यात दोन मिनिटं वाचवायला जीव काढलात तर सायकलवर त्याच्या दुप्पट जातात, हे मी स्वतः भोगलंय.
आठवड्यातून एकदा १० वेळा १०० मारा, दर २:४५ ला सुटायचं आणि प्रत्येक २:२६ लाच आलं पाहिजे. पहिले तीन इतके सोपे वाटतील की राहवणार नाही, तिथेच थांबायला शिकायचंय. दहावा पहिल्याइतकाच आला की पेस अंगात भिनला समजा.

दर्या_ताई:
वरचं सगळं पटलं, फक्त समुद्रात घड्याळ बघायला वेळच नसतो आणि हात पाण्याखाली गेला की जीपीएस पण भरकटतं, त्यामुळे पेस श्वासावरून ओळखावा लागतो. मी पहिल्या वेळी सगळे सुटले म्हणून मीही सुटले आणि पहिला बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) यायच्या आधीच इतका दम लागला की उलटं होऊन तरंगत राहावं लागलं, रडूच आलं होतं. आता पहिले २०० मीटर मुद्दाम हळू जाते, लांब श्वास सोडत, आणि श्वास बसला की मगच हात लांबवते. दादा, टँकमध्ये दर ६-८ स्ट्रोकला डोकं वर काढून समोर बघायची सवय आत्ताच लावा, नाहीतर तिथे गढूळ पाण्यात मान वर करून करून कंबर खाली जाते आणि पेस तिथेच जातो. वेटसूटचा (ऊब देणारा, तरंगायला मदत करणारा रबरी सूट) विचार करू नका, पाणी कोमट असतं, तसंही खारं पाणी थोडं उचलून धरतंच. आणि आपल्याच वेगाचं कोणी दिसलं तर त्याच्या पायामागे राहा, पोहताना ते चालतं, बरीच ताकद वाचते.

टँकवाला_पुणे:
खूप आभार ताई, दादा. आज १०० चे सहाच झाले, सहावा २:३१ आला. पहिला २:१८ मारला होता, चूक तिथेच झाली. गुरुवारी परत.