चौघे सोपवले, चांदी अडकली
चीनमधल्या तिआनजिनच्या ब्रिटिश कन्सेशनची (ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वस्तीची) जपानने केलेली नाकेबंदी एका खुनातल्या चार संशयितांपायी झाली, असं म्हटलं जातं. निमित्त तेच, पण सप्टेंबर १९३९ मध्ये ते चौघे सोपवल्यावरही नाकेबंदी जून १९४० पर्यंत चाललीच की! खरं घोडं चांदीपाशी अडलं होतं. चीन सरकारची चांदी कन्सेशनमधल्या बँकेत, आणि तिथला व्यवहार चीन सरकारच्या ‘फाबी’ या चलनात. जपानला मात्र उत्तर चीनमध्ये आपण तिथे उभारलेल्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या नोटा चालवायच्या होत्या. (खून झालेला चेंग शी-केंग त्याच बँकेचा व्यवस्थापक.) शेवटी १ लाख पौंडांएवढी चांदी पूर-दुष्काळाच्या मदतीसाठी बाजूला काढली आणि उरलेली ब्रिटन आणि जपानच्या महावाणिज्यदूतांच्या संयुक्त मोहरेखाली कन्सेशनमधल्या त्याच बँकेत ठेवली, तेव्हा कुठे नाकेबंदी उठली.