मदत हवी आहे: आशाताईंचा थकवा

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामाची देखरेख करते. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) सर्व्हे, गोळ्यावाटप, वर गणपतीची गर्दी. आमच्या आशाताई पार पिचून जातात. त्यातली एक मनमिळाऊ ताई हल्ली बाळंतिणीशीही तुटक बोलते. 'माका आता जमना नाय' म्हणते. रजेवरून आली तरी तशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याची, तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटकपणा, हातून काही होत नाही ही भावना. तिन्ही दिसतात! टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, पण फोन करील तर शपथ. मासिक बैठकीत रजिस्टरं बाजूला ठेवून सगळ्या आशाताईंशी थोडा वेळ नुसतं बोलावं, असं माझ्या मनात आहे. कुणी असं केलंय का? माझ्यासमोर त्या मोकळ्या होतील, की मी बाहेर बसू?