‘द नेम ऑफ द रोझ’: तपासाचा धागाच खोटा निघाला तर रहस्यकथा फसली का? (शेवट उघड केला आहे)

उंबरठा: उंबेर्तो एको यांची ही कादंबरी १९८०ची. कथा घडते १३२७च्या नोव्हेंबरात, उत्तर इटलीतल्या डोंगरातल्या बेनेडिक्टाइन मठात. सात दिवसांत एकामागून एक माणसं मरतात. माझा आक्षेप रचनेवर आहे. तपास करणारा विल्यम धरून चालतो की हे मृत्यू बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या सात कर्ण्यांप्रमाणे होताहेत: गारा, रक्त, पाणी. प्रत्यक्षात आदेल्मोने जीव दिलेला असतो. वेनान्तिउस विषाने मरतो आणि त्याचं प्रेत डुकरांच्या रक्ताच्या रांजणात टाकणारा वेगळाच असतो. बेरेंगार अंगाची आग शमवायला आपणहून पाण्यात उतरतो. म्हणजे ज्या धाग्याला धरून वाचक शेकडो पानं चालला, तोच खोटा. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

पानखूण: आकृतिबंध खोटा आहे, सुगावे खोटे नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे बेरेंगारचं प्रेत तपासतात तेव्हा बोटं आणि जीभ काळी दिसते. बोट आणि जीभ एकाच कृतीत एकत्र येतात: थुंकी लावून पान उलटताना. ज्या पुस्तकापायी हे मृत्यू होतात त्याच्या पानांना विष लावलेलं आहे, आणि ते चामड्यावर नाही, चिंध्यांच्या कागदावर आहे. दमट हवेत असली पानं चिकटतात, म्हणून वाचणाऱ्याला बोट ओलं करावंच लागतं. विल्यम ते पुस्तक हातमोजे घालून हाताळतो. जो वाचक भविष्यवाणी सोडून बोटांकडे बघत राहिला, त्याला उत्तर सापडू शकतं.

सावकाश: बोटांचं मान्य. पण ते पुस्तक दडवलेल्या, ग्रंथालयातल्या गुप्त खोलीची किल्ली? वेनान्तिउसच्या टिपणात ‘क्वातुओर’ची (लॅटिनमध्ये ‘चार’) पहिली आणि सातवी खूण असं येतं. आपण चार वस्तू शोधत बसतो. उत्तर मात्र ‘क्वातुओर’ या शब्दाच्या अक्षरांत: आरशावरच्या ओळीत कोरलेल्या त्या शब्दाचं पहिलं आणि सातवं अक्षर दाबायचं. विल्यम वीव्हर यांच्या १९८३च्या इंग्रजी अनुवादातही लॅटिन तसंच ठेवलं आहे. लॅटिन न येणाऱ्याने काय करायचं?

पानखूण: इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. विल्यमलाही ते सुटतं त्याचा तरुण शिष्य आद्सो याच्या तोंडून निघालेल्या ‘तेर्तियुस एक्वी’ या चुकीच्या लॅटिनमुळे. सांगायचा असतो तिसरा घोडा, अर्थ होतो घोड्याचा तिसरा, आणि त्यावरून विल्यमला ‘घोडा’ या शब्दाचं तिसरं अक्षर सुचतं. भाषेचं कोडं म्हणून ते अप्रतिम आहे, पण वाचकाला सोडवता येण्याजोगं नाही.

सावकाश: आणि पहिली शंभर पानं? ती कमी करा असं प्रकाशनातल्या लोकांनी सुचवलं होतं. डोंगर चढताना दम जुळवावा लागतो, या भूमिकेवरून एकोंनी ती ठेवली. चर्चच्या दारावरच्या शिल्पांचं वर्णन आणि येशूच्या मालकीचं काही होतं का हा दारिद्र्याचा वाद, दोन्ही ठिकाणी पुस्तक मिटावंसं वाटतं.

पानखूण: दाराचं वर्णन पहिल्या वाचनात भरभर ओलांडा, चालेल. दारिद्र्याचा वाद मात्र गाळू नका. त्या वादावरच्या बैठकीसाठीच बर्नार्द गुई हा धर्मद्रोह शोधणारा न्यायाधीश मठात येतो आणि खुनांचा तपास धर्मद्रोहाच्या खटल्याकडे वळतो. सुरुवातीचा मठाचा नकाशा हाताशी ठेवा. ग्रंथालयाच्या ५६ खोल्यांची मांडणी स्वतः कागदावर काढत गेलात तर मधला भाग जड जात नाही.

तिसरी घंटा: तुम्ही दोघंही कोड्यावरच बोलताय. संपूर्ण कादंबरीत एकच स्त्री प्रत्यक्ष वावरते, गावातली गरीब मुलगी. तिला नाव नाही, तिची भाषा आद्सोला कळत नाही, आणि गुई तिला चेटकीण ठरवून घेऊन जातो. विल्यम तिच्यासाठी काहीही करत नाही. मला सर्वांत अस्वस्थ करणारा मृत्यू तिचा वाटतो, आणि तिची उकल कुणी मागतही नाही.

उंबरठा: हे मी आक्षेपात धरलंच नव्हतं. रहस्यकथेच्या लेखकाचा वाचकाशी असलेला करार मोडला हे माझं मत मात्र कायम आहे, कारण खोटा क्रम नीट बसावा म्हणून एकोंनी ऋतूसुद्धा जुळवला आहे. रक्ताचा रांजण हवा तर डुकरं मारायची थंडी हवी, आणि नोव्हेंबरात ती पडावी म्हणून मठ डोंगरावर.

पानखूण: पण त्याच क्रमावर पुढे खुद्द पानांना विष लावणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्या भिक्षूचा, खोर्खेचा विश्वास बसतो! ती कल्पना विल्यमलाही पटल्याचं ऐकून तो सगळ्याला दैवी योजना मानायला लागतो आणि अखेरीस विषारी पानं स्वतःच खातो. तो खोटा धागा काढून टाका, शेवटच्या रात्रीचा खोर्खे उभाच राहत नाही.