कादंबरीतलं वाक्य फलकावर घ्यायचं, तर नेमकं कसं उतरवायचं?

पानखूण:
२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात कादंबऱ्यांतल्या लक्षात राहणाऱ्या वाक्यांचे आठ फलक लावायचे आहेत. प्रत्येक फलक दोन फूट रुंद, दीड फूट उंच. अडचण अशी की एकच वाक्य तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सापडतं. त्यातलं खरं कोणतं, हे कसं ठरवायचं? शिवाय पुस्तकात वाचताना अंगावर येणारी काही वाक्यं सुटी काढली की अगदी शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी वाटतात. असं का होतं? निवडताना काय पाहावं?

जुनी प्रत:
तुमचे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यावर तपासता येतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला कादंबरी म्हणावं की आठवणी, हा वाद बाजूला ठेवू. रात्र सहावी, ‘थोर अश्रू’. आंघोळ झालेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो, आईला लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरायला लावतो आणि त्यावर पाय ठेवून उतरतो. मग आई म्हणते, ‘श्याम, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप हो.’

फिरणाऱ्या नकलांमध्ये तीन गोष्टी गळतात: सुरुवातीची ‘श्याम’ ही हाक, ‘म्हणूनही’तला ‘ही’ आणि शेवटचा ‘हो’. उरतो तो उपदेश. मुलाचा पाय जपण्याचा हट्ट आईने चूक ठरवलेला नाही, हे त्या ‘ही’त आहे. ‘जप’ ही आज्ञा आहे, ‘जप हो’ हे आईचं सांगणं आहे. वाक्य मनात राहतं ते ‘घाण लागू नये’ दोनदा आल्यामुळे आणि पायावरून मनावर एका उडीत गेल्यामुळे. पण ते आपलंसं वाटतं त्या ‘हो’मुळे. सुट्या वाक्याचा सुविचार होतो तो बहुतेक वेळा असे छोटे शब्द गळाल्याने. म्हणून नक्कल नेहमी छापील प्रतीवरून करा आणि हाक, अव्ययं, विरामचिन्हं शेवटी एकदा वेगळी ताडून पाहा.

नोंदीत फक्त पृष्ठक्रमांक लिहू नका, आवृत्ती बदलली की तो बदलतो. प्रकरण, रात्र किंवा भाग लिहा आणि आवृत्तीचं वर्ष जोडा. जुन्या प्रतीत लेखनही वेगळं दिसेल. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, त्यामुळे ‘लक्षांत’ आणि ‘लक्षात’ यांपैकी एक चूक ठरत नाही. ज्या आवृत्तीवरून घ्याल तिचंच लेखन ठेवा, दोन्हींची सरमिसळ मात्र नको.

ओळीमागची ओळ:
निवडीबद्दल माझं ठाम मत आहे: शहाणपण सांगणारी वाक्यं कमी घ्या, आवाज ऐकू येणारी जास्त घ्या. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ची (१९६३) सुरुवात पाहा: ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ यात विचार असा काहीच नाही. पण वय ही ठाम सांगायची गोष्ट, ती ‘उदाहरणार्थ’ म्हणून सांगितली जाते आणि स्वतःच्याच आयुष्याकडे अर्धवट विश्वासाने बघणारा माणूस त्या एका शब्दातून उभा राहतो. नक्कल करणारे हाच शब्द ‘सुधारतात’, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम घालतात किंवा तो काढूनच टाकतात. मग उरतं नाव आणि वय.

हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो’ हे तर शीर्षकच, तरी पुस्तक न वाचलेल्यांच्याही तोंडी बसलेलं. सारी ताकद पहिल्या ‘पण’मध्ये. त्याच्या आधी कुणीतरी बरंच काही सांगून थकलंय, हे ऐकू येतं.

दोन सापळे सांगते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णही ‘मी’ म्हणून बोलतात. दुर्योधनाचं वाक्य खाली फक्त लेखकाचं नाव घालून लावलं, तर ते लेखकाचं मत होऊन बसतं. म्हणून बोलणाऱ्याचं नाव हवंच. दुसरा सापळा ‘न जातु कामः कामानाम्’ (भोगून वासना शमत नाही) या श्लोकाचा. तो ययातीच्या तोंडचा असल्याने ‘ययाति’ कादंबरी लिहिणाऱ्या खांडेकरांच्या नावाने लावला जाऊ शकतो. पण तो महाभारताच्या आदिपर्वातला आहे, मनुस्मृतीतही येतो.

दुभाषी:
अनुवादित कादंबरीचा एखादा फलक असेल, तर अनुवादकाचं नाव लेखकाइतक्याच ठळक अक्षरात द्या. वाचक ज्यावर थांबतो ते मराठी वाक्य अनुवादकाचं असतं. फ्रेंच लेखक काम्यूच्या १९४२च्या ‘लेत्रांजे’ या कादंबरीचं पहिलं वाक्य घ्या. आई आज वारली, एवढंच. इंग्रजीत ‘मदर’ ठेवावं की फ्रेंचमधलं ‘मामाँ’, हा मोठा प्रश्न होऊन बसला. मराठीत तो उद्भवत नाही, कारण ‘आई’ हा लेकराचाच शब्द आहे. आपली अडचण क्रियापदात आहे. ‘वारली’त रीत आहे, ‘गेली’त हळहळ आहे, ‘मेली’ कानाला कठोर लागतं. मूळ शब्द साधा, कोरडा आहे. माझी पसंती ‘वारली’ला, कारण पुढे मृत्यूची बातमी देणाऱ्या तारेची सरकारी भाषा येते. आणि हे वाक्य एकटं लावू नका. ‘किंवा काल, मला माहीत नाही’ अशा अर्थाचं पुढचं वाक्य सोबत नसेल, तर तो नुसता शोकसंदेश होतो.

पानखूण:
आभार. प्रत्येक वाक्याला बोलणारा, भाग आणि आवृत्ती असे रकाने केले. आता अक्षर किती मोठं ठेवावं? आणि परवानगी लागेल का?

जुनी प्रत:
दहा फुटांवरून सहज वाचायला शिरोरेषेपासून खाली साधारण एक इंच उंची धरा. वेलांट्या, रफार, उकार यांना जागा लागते, म्हणून एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत पावणेदोन ते दोन इंच ठेवा. तुमच्या मापात खालची नोंद धरून वीसेक शब्द बसतील. ओळ अर्थाच्या जागी तोडा: ‘जपतोस’नंतर चालेल, ‘घाण’ आणि ‘लागू नये’ यांच्या मध्ये नको.

टंकन करून घेणार असाल, तर ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ तपासा. डोंगरातल्या ‘दऱ्या’ चुकून ‘दर्या’ झाल्या तर समुद्र होतो. साध्या ‘र’ला हलन्त लावून ‘य’ जोडला की रफार येतो, तिथे नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो. स्कॅनवरून मजकूर उचलला असेल तर घ-ध, भ-म, ब-व या जोड्या डोळ्याखालून घाला.

हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतात. हरिभाऊ १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. नेमाडे, सावंत, खांडेकर यांचे हक्क आजही चालू आहेत. एक-दोन वाक्यं नावानिशी लावणं हा वेगळा मामला, पण उतारेच्या उतारे घेणार असाल तर प्रकाशकाला आधी पत्र लिहा.